पस्तीस लिटर खारं पाणी

जानेवारी 2020 मधल्या एका शनिवारी क्रॉफर्ड मार्केटमधून दोन किलो मीठ घेऊन मी मुलुंडला घरी आले. माशांच्या टाकीसाठीचं मीठ. पिशवी ओट्यावर ठेवली आणि किंमत ऐकून सासूबाई म्हणाल्या, "अगं, मुलुंडात मिठागरं असताना मीठ विकत आणलंस? तेही या भावाने?"

त्या मूळच्या गुहागरच्या. समुद्र त्यांच्या वाडीच्या टोकाला होता. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि त्याचं उत्तर शोधताना मलाच पुष्कळ कळलं. मिठागरात पाणी आटायला लागलं की आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं. मग आपल्या जेवणातलं मीठ दाणा धरतं. मॅग्नेशियमचं कडवट पाणी शेवटी उरतं, ते सोडून देतात. म्हणजे मिठागरातलं मीठ हा समुद्राचा एक हिस्सा. गोगलगायीला शंख बांधायला कॅल्शियम लागतं, पाण्याचा कस टिकायला कार्बोनेट लागतं, मॅग्नेशियम लागतं. खडेमिठाच्या पाण्यात यातलं फारसं काही नसतं.

समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार असतात. 1872 ते 1876 या काळात 'चॅलेंजर' नावाचं जहाज जगभरच्या समुद्रांतून फिरलं. त्याने आणलेल्या पाण्याचे 77 नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले. कुठे पाणी जास्त खारट, कुठे कमी. पण मुख्य क्षारांचं आपसातलं प्रमाण मात्र सगळीकडे जवळपास सारखंच निघालं. पिशवीतलं मीठ त्याच प्रमाणात मिसळलेलं असतं, म्हणून नागपूरला बसूनही समुद्राचं पाणी करता येतं. मुंबईच्या किनाऱ्यावरून पाणी आणायचा विचार मी केला नव्हता असं नाही. पण इथल्या किनाऱ्याच्या पाण्यात शहराचं सांडपाणी मिसळतं, आणि पावसाळ्यात नद्या-नाल्यांचं गोडं पाणी शिरून त्याचा खारेपणा उतरतो. गुहागरहून दर आठवड्याला कॅन कोण आणणार?

हे वेड लहानपणचं. मरीन लाइन्सजवळचं तारापोरवाला मत्स्यालय 1951 मध्ये सुरू झालं. मी तिथे शाळेच्या सहलीतून गेले ती चौथीत असताना. अंधारा बोळ, दोन्ही बाजूंना उजळलेल्या काचा, आणि काचेवर नाक टेकवून उभ्या आम्ही सगळ्या मुली. ते मत्स्यालय आता बंद आहे. पण 2019 मध्ये माझ्या मुलीला घेऊन गेले होते, तेव्हा तीही तशीच नाक टेकवून उभी राहिली. ती तेव्हा आठ वर्षांची होती. घरी येताना लोकलमध्ये तिने विचारलं, "आई, आपल्याकडे एवढुसा समुद्र नाही राहणार?"

एवढुसा म्हणजे केवढा, ते जागेने ठरवलं. हॉलच्या खिडकीशेजारी कडप्प्याचा एक कट्टा आहे. त्यावर दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकी बसली. काठोकाठ भरली तर 42 लिटर. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता पाणी साधारण 35 लिटर. सगळा भार पन्नास किलोच्या घरात जातो, म्हणून लाकडी टीपॉयचा विचार कुणी करू नये. टाकी खिडकीच्या उन्हात येणार नाही एवढं पाहिलं. फिल्टर टाकीच्या मागे टांगायचा घेतला, वर एक छोटा दिवा, थर्मामीटर, आणि खारेपणा मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर. हे शेवटचं यंत्र महाग वाटतं. पण खाऱ्या पाण्याच्या टाकीत पैसे वाचवायचे असतील तर दिव्यावर वाचवा, मोजमापावर नाही.

छोटी टाकी सोपी, हा गैरसमज मीही बाळगून होते. तसं नसतं. पाचशे लिटरच्या टाकीत एक गोगलगाय मेली तर पाण्याला कळतही नाही. पस्तीस लिटरमध्ये तीच गोगलगाय दोन दिवसांत पाणी बिघडवते. पाणी जितकं कमी तितकी चुकीला जागा कमी.

मीठ घेतलं त्या दिवशी दुकानदाराने एक खडबडीत, जांभळट दगड दाखवला होता. 'लाइव्ह रॉक' म्हणाला. लहान टाकीला हाच लागतो, आणि हवं तर त्यावर बसलेलं प्रवाळही देतो. जाकार्ताच्या ली चिन एंग या हौशी माणसाने 1961 मध्ये अशा जिवंत दगडांवर आणि नुसत्या हवेच्या बुडबुड्यांवर खाऱ्या पाण्याची टाकी चालवायची पद्धत लिहून प्रसिद्ध केली, हे मी वाचलं होतं. पण तो दगड म्हणजे कुठल्या तरी प्रवाळखडकाचा तोडलेला तुकडा. आपल्याकडे 2001 पासून पोवळी वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. ज्या यादीत वाघ आहे, त्याच यादीत. मालवणच्या पाण्यात मी प्रवाळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. ते तोडून मुलुंडच्या हॉलमध्ये आणायचं आणि वर मुलीला समुद्र शिकवायचा, हे मला जमणारं नव्हतं. मी भाजलेल्या मातीचे सच्छिद्र दगड आणि पाकिटातली अ‍ॅरागोनाइट वाळू घेतली आणि निघाले.

पाणी कालवायचीही रीत आहे. पाण्यात मीठ टाकायचं, मिठावर पाणी ओतायचं नाही. नाहीतर मिठातला चुना साकळतो आणि पाणी दुधासारखं पांढरट होतं. वेगळ्या बादलीत, छोटा पंप लावून, एक दिवस फिरत ठेवायचं. घरच्या प्युरिफायरमधून गाळलेलं आणि पुढे आणखी एका रेझिनच्या नळीतून काढलेलं पाणी मी वापरते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन मेलेल्या दगडांचं काही बिघडवणार नसतं, पण पुढे त्या दगडांवर जे राहायला येणार असतं, त्यासाठी हे सगळं.

जे राहायला येणार ते डोळ्यांना दिसत नाही. माशाच्या विष्ठेतून, उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो, तो विषारी. एक प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, तेही विषारी. दुसरे जिवाणू नायट्राइटचं नायट्रेट करतात. ते त्या मानाने निरुपद्रवी. विनोग्राड्स्की या रशियन शास्त्रज्ञाने 1890 च्या सुमारास हे जिवाणू वेगळे काढून दाखवले. टाकीत ते आपोआप येतात, पण सावकाश. त्यांना खायला घालावं लागतं, म्हणून मी बाजारातून आणलेली एक कोळंबी पातळ मोज्यात बांधून पाण्यात सोडली आणि ती कुजू दिली. वास येत होता. सासूबाईंनी नाकाला पदर लावला, पण बोलल्या काही नाहीत.

रोज रात्री जेवणं झाली की मुलगी आणि मी परीक्षानळी घेऊन बसायचो. पाच मिलिलिटर पाणी, मोजून थेंब, पाच मिनिटं थांबायचं. पहिले तीन दिवस नळी पिवळी राहिली. मग पोपटी, मग गडद हिरवी. म्हणजे अमोनिया चढला. सोळाव्या दिवशी हिरवा रंग फिका व्हायला लागला आणि नायट्राइटच्या नळीला जांभळा रंग आला. मुलीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोजचे रंग खडूने भरले. चौतिसाव्या दिवशी दोन्ही नळ्यांनी शून्य दाखवलं. काचेवर तपकिरी पूड जमली होती, दगडांवर हिरवी झाक होती. पाच आठवडे आम्ही नुसत्या पाण्याकडे पाहत होतो, आणि मला वाटतं आमची टाकी टिकली ती त्या पाच आठवड्यांमुळे. दुकानात टाकी आणि मासा एकाच दिवशी घेऊन जाणारे लोक मी पाहिले आहेत. तो मासा आपल्याच लघवीत गुदमरून मरतो. याहून सौम्य शब्द मला सापडत नाही.

आधी चार समुद्री गोगलगायी आणल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात मासा आणला. एकच. क्लाउनफिश, दीड इंचाचा, शेंदरी, अंगावर तीन पांढरे पट्टे. हा मासा टाकीत जन्मून टाकीतच वाढू शकतो. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्याच्या पैदाशीचं तंत्र बसवलं आहे. समुद्रातून न काढलेला मासा हवा, एवढी माझी अट होती. दुकानदाराला म्हटलं, माझ्यासमोर त्याला दाणे घाला. त्याने लगेच वर येऊन दाणा टिपला. टाकीत वाढलेला आहे याची ती एक खूण. आणखी एक घ्या, जोडी होईल, असा आग्रह झाला. हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात आणि गटातला वरचढ मासा पुढे मादी होतो, त्यामुळे दोन लहान मासे एकत्र ठेवले की जोडी जमते हे खरं. पण पस्तीस लिटरमध्ये दोघांची घाण मला झेपली नसती. मुलीने नाव ठेवलं केशर.

समुद्रफुलाशिवाय हा मासा जगत नाही असं अनेकांना वाटतं. जगतो. आम्ही मातीची एक नवी पणती, तेल-तूप न लागलेली, धुऊन आत उपडी-कलती ठेवली. दोन रात्रींत केशरने ती आपली केली. दिवा मालवला की ती पणतीच्या खोलगट भागात आडवी होते आणि शेपटी हलवत, जणू अंगाई घेत, तिथल्या तिथे झुलत राहते. वाळूचे कण पणतीत आले की तोंडात धरून बाहेर आणून टाकते. एकेक कण. मी शाळेतून दमून आले की हे बघत बसते.

मग लॉकडाउन लागला. दर आठवड्याला साडेतीन लिटर पाणी बदलायचा आमचा नेम होता, आणि मिठाची पिशवी पाच-सहा आठवडे पुरेल एवढीच उरली होती. दुकानं बंद. आम्ही दाणे निम्म्यावर आणले, पाणी पंधरा दिवसांनी बदललं आणि मीठ पुरवलं. त्या काळात घरात सगळेच मोजून वापरत होते.

मे महिना आला तेव्हा उष्म्याचा धडा मिळाला. खाऱ्या पाण्यात मुळातच प्राणवायू कमी मावतो. 25 अंशांना गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे 8 मिलिग्रॅम, तर समुद्राच्या पाण्यात पावणेसातच्या आसपास; पाणी तापलं की तो आणखी घटतो. आमच्या हॉलमध्ये पाणी 31 अंशांवर गेलं आणि केशर पृष्ठभागाशी येऊन भराभर कल्ले हलवायला लागली. पाण्यावरून वारा जाईल असा छोटा पंखा लावला. दोन-अडीच अंश उतरले. पण वारा म्हणजे बाष्पीभवन. रोज पाऊण लिटर पाणी उडायचं. उडतं ते पाणी, मीठ खालीच राहतं. चार दिवस गावाला गेलं आणि तीन लिटर पाणी उडालं, तर 35 चा खारेपणा 38 वर जातो. म्हणून काचेवर स्केचपेनने रेघ मारली आणि रोज सकाळी त्या रेघेपर्यंत गोडं पाणी घालायचं ठरलं. खारं नाही, गोडं. ही गोष्ट मला घरातल्या प्रत्येकाला दोन-दोनदा सांगावी लागली. पावसाळ्यात हवाच ओलसर असते, तेव्हा पंख्याचा उपयोग निम्मा होतो. ते दिवस मला अजूनही नको वाटतात.

12 ऑक्टोबर 2020. सोमवार. सकाळी दहाच्या सुमारास माझा ऑनलाइन वर्ग चालू असताना अख्ख्या मुंबईची वीज गेली. ठाण्याची, नवी मुंबईचीही. लोकल जागच्या जागी थांबल्या. मला पहिल्यांदा ऐकू आलं ते फिल्टरचं बंद पडणं. ती झुळझुळ घरात इतकी मुरली होती की ती थांबल्यावर हॉल मोकळा-मोकळा वाटायला लागला. ऑक्टोबरचा उकाडा, पाणी 29 अंश, आणि वीज कधी येणार ते कुणालाच माहीत नाही. मी स्टीलचा पेला घेतला, टाकीतून भरला आणि वीतभर उंचीवरून परत टाकीत ओतला. परत भरला, परत ओतला. दर वेळी बुडबुड्यांची एक लड खाली जायची. वीस मिनिटं मी, वीस मिनिटं मुलगी, मग सासूबाईंनी खुर्ची ओढून घेतली. त्यांचा हात सगळ्यात स्थिर. फिल्टरमधला स्पंज काढून टाकीतच सोडला, कारण साचलेल्या पाण्यात त्यातले जिवाणू गुदमरले असते. आमच्याकडे वीज आली ती दुपार टळल्यावर.

नंतर मला वाचायला मिळालं, की 1846 मध्ये अ‍ॅना थिन नावाच्या बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून जिवंत प्रवाळ लंडनला घरी नेलं होतं. तेव्हा 'अ‍ॅक्वेरियम' हा शब्दही रूढ नव्हता. त्यांच्या घरची मोलकरीण उघड्या खिडकीपाशी उभी राहून रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतायची, म्हणून ते जगलं. हे मी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी विचारलं, "तिचं नाव काय होतं गं?" ते मला कुठे मिळालं नाही.

त्या डिसेंबरमध्ये मी एक क्लीनर कोळंबी आणली. पाठीवर लाल पट्टा, मधोमध पांढरी रेघ, लांब पांढऱ्या मिशा. ती टाकीत वाढलेली नव्हती, समुद्रातली होती, आणि हे माहीत असून मी आणली. मोह झाला. तिसऱ्या आठवड्यात सकाळी बघते तर ती उलटी पडलेली, पारदर्शक. मुलगी रडायला लागली. तेवढ्यात पणतीमागून तीच कोळंबी बाहेर आली, जरा मोठी, रंगाने ताजी. तिने कात टाकली होती. मुलीने ती कात काडेपेटीत कापूस घालून ठेवली, अजून आहे.

पुढच्या उन्हाळ्यात ती खरोखर मेली. आधी गोगलगायी काचेवरून खाली पडून निपचित राहायला लागल्या, मग कोळंबी खाणं सोडून कोपऱ्यात बसली. मासा मात्र ठणठणीत. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य, खारेपणा 35, तापमान ठीक. मी चार रात्री डोकं फोडत होते. पाचव्या दिवशी सकाळी मी उशिरा उठले आणि पाहिलं, तर सासूबाई रेघेपर्यंत पाणी घालत होत्या, देवघराशेजारच्या तांब्याच्या कळशीतून. रोजचं गाळलेलं पाणी त्या रात्री कळशीत ओतून ठेवायच्या. तीन आठवड्यांपासून. "तांब्यातलं पाणी निर्मळ असतं ना गं. आपण पितो, तर त्या जिवांनाही बरं," त्या म्हणाल्या.

माणसाला तांबं थोडं चालतं, माशालाही बऱ्यापैकी सोसतं. माशांच्या काही रोगांवर तेच औषध म्हणून देतात. पण कोळंबी, खेकडे, गोगलगायी यांना ते अगदी अल्प प्रमाणातही जीवघेणं ठरतं. रात्रभरात कळशीतून पाण्यात उतरणारं तांबं नगण्य. पण पाणी उडून जातं आणि तांबं, मिठासारखंच, मागे राहतं. एकवीस दिवस ते साठत गेलं. तांब्याची चाचणी आणून केली आणि नळीला रंग चढला. दोन दिवसांत निम्मं पाणी बदललं, फिल्टरमध्ये कोळसा आणि तांबं शोषणारी पिशवी घातली. दोन गोगलगायी वाचल्या. कोळंबी त्या संध्याकाळीच गेली होती.

सासूबाईंना मी काय सांगावं, हे मला कळत नव्हतं. सांगितलं ते जसं होतं तसं. त्या बराच वेळ टाकीसमोर बसल्या. मायेने केलेलं होतं ते, आणि चूक माझी होती: गोडं पाणी घाला एवढंच मी सगळ्यांना बजावलं, कोणत्या भांड्यातलं ते सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवसापासून पाणी झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात राहतं. ते घालणं आता त्यांचंच काम आहे, मी ते कुणाला देत नाही. आजकालच्या काही प्युरिफायरमध्येही मुद्दाम तांबं सोडायची सोय असते. टाकी असलेल्यांनी ते बंद करून घ्यावं. डासांची वडी, झुरळांचा फवारा, सोसायटीची पेस्ट कंट्रोलची माणसं, यांच्यापासूनही तसंच जपावं लागतं.

कोळंबी मी पुन्हा आणली नाही. समुद्रातून काढून आणलेला जीव पुन्हा या घरात यायचा नाही, हे त्या संध्याकाळी ठरलं आणि ते अजून पाळलं आहे. टाकीत आज केशर आहे, दोन जुन्या गोगलगायी आहेत, दगडांवर हिरवळ आहे. पाहुणे म्हणतात, एवढीच? हो, एवढीच. पस्तीस लिटरमध्ये एवढंच नीट जगतं.

तुमच्याही घरी कुणी मूल असा हट्ट धरून बसलं असेल तर नाही म्हणू नका. फक्त मासा शेवटी आणा. आधी टाकी भरा, मीठ कालवा, आणि दोन महिने नुसतं पाणी सांभाळून बघा: रोज रेघेपर्यंत गोडं पाणी, रोज तापमान, आठवड्याला चाचणी. कंटाळा आला तर पाणी ओतून द्या, टाकी कुणाला तरी देऊन टाका. एकही जीव गेलेला नसेल. नाही आला, तर टाकीत जन्मलेला एक मासा आणा. आणि दुकानदाराने प्रवाळाचा तुकडा पुढे केला, तर तो घेऊ नका.